कूलंटचा लाल दिवा : ऑक्टाव्हिया २००६, कामाच्या नोंदी

रविवार, १२ जानेवारी २०२५
ओडोमीटर २,१४,३८०.

सकाळी साडेसहाला नाशिकहून निफाडला निघालो. थंडी चांगलीच होती, काचेवर दव. चावी फिरवली, गाडी सुरू झाली आणि मीटरमध्ये कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) लाल दिवा लुकलुकायला लागला. सोबत तीन वेळा टूं-टूं-टूं. बाबा शेजारी बसले होते. म्हणाले, "पाणी संपलंय बहुतेक."

उतरून बॉनेट उघडलं. गोल बाटलीत कूलंट कमाल खुणेच्या बोटभर खाली. म्हणजे भरपूर. पुन्हा चावी फिरवली तर दिवा एकदा लागून विझला. गेलो आणि आलो, ७० किलोमीटर, पुन्हा काही नाही.

गाडीबद्दल दोन ओळी, म्हणजे पुढचं कळेल. १.९ टीडीआय डिझेल इंजिन, पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया. औरंगाबादजवळ शेंद्र्याला २००१ पासून जुळत होत्या त्यांतलीच. २०२१ साली १५ वर्षं झाली तेव्हा पर्यावरण कर भरून पुन्हा पासिंग केलं. पुढचं पासिंग २०२६ ला. तोवर हिच्यावर मोठा खर्च करायचा नाही असं घरात ठरलेलं आहे. (मी ठरवलेलं नाही. घरात ठरलंय.)

सोमवार, १३ जानेवारी
बाटलीवर मार्करने कूलंटच्या पातळीची रेघ मारून तारीख टाकली. सकाळी पुन्हा दिवा. रेघ जागच्या जागी.

मंगळवार, १४ जानेवारी
संक्रांत. गाडी हलवली नाही.

शनिवार, १८ जानेवारी
दिवा आता रोज येतोय. तरीही आधी गळती शोधायची. बाटलीतला पातळीचा सेन्सर खोटं बोलतोय असं गृहीत धरून चालायचं नाही. या गाडीत कूलंट कमी झालं काय आणि तापलं काय, दिवा एकच लागतो.

पहिल्यांदा वॉटर पंप बघितला. या इंजिनात तो टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्यावर) फिरतो. पंपातून पाणी झिरपून बेल्टवर आलं, बेल्ट सरकला किंवा तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात आणि मग गाडी विकायची तेवढी राहते. बेल्टच्या कव्हरखाली बोट फिरवलं, कोरडं. हेडच्या बाजूला जिथे होज लागते तो प्लॅस्टिकचा फ्लँज, तिथेच तापमानाचा सेन्सर बसतो. तोही कोरडा. रेडिएटरच्या कडा, हीटरकडे जाणाऱ्या दोन होज, गाडीच्या आत पायाखालचं मॅट, सगळं कोरडं. ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस नाही, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील) गेल्याची शंकाही कमी.

संध्याकाळी लॅपटॉप जोडून त्र्यंबकच्या रस्त्याने फिरवून आणली. तापमान ८८ ते ९१ च्या मध्ये. मीटरचा काटा ९० वर. या काट्यावर माझा विश्वास नाही, कारण तो मुद्दाम तसा बनवलेला आहे. खरं तापमान ७५ असो की १०५, काटा ९० लाच चिकटून बसतो, मालकाचा जीव उगाच वरखाली होऊ नये म्हणून. तेव्हा काटा हलायच्या आत काही सांगणारा असा हा लाल दिवाच आहे.

रविवार, १९ जानेवारी
हा सेन्सर म्हणजे काय ते नीट बघितलं. नाव मोठं आहे, आत काही नाही. फ्लोट नाही, चुंबक नाही, हलणारं काहीच नाही. बाटलीच्या बुडाशी दोन धातूच्या पिना आत शिरल्यात आणि बाहेरच्या बाजूला त्यांना दोन वायरींचा कप्लर लागतो. पिना कूलंटमध्ये बुडालेल्या असल्या की कूलंटमधून थोडासा करंट जातो आणि मीटरला कळतं की पाणी आहे. पातळी पिनांच्या खाली गेली की वाट तुटते आणि दिवा लागतो. कप्लर काढून ठेवला तरी मीटरच्या लेखी पाणी संपलेलंच.

म्हणजे "सेन्सर गेला" या वाक्यात खरं तर पाच जागा येतात: कूलंट, पिना, कप्लर, वायर आणि मीटर. पाणीसुद्धा या सर्किटचा भाग आहे, हे तेव्हा वहीत लिहिलं आणि नंतर विसरलो. पुढे त्याची किंमत मोजली.

बाटली दोन स्क्रूंवर आहे. सोडून वर उचलली, खालचा कप्लर काढला, त्याच्या दोन तोंडांत कागदाची पिन वाकवून घातली. चावी फिरवली. दिवा विझला. पुन्हा केलं, पुन्हा विझला. म्हणजे मीटर ठीक, वायर ठीक (असं तेव्हा वाटलं), दोष बाटलीकडे.

सोसायटीतले एक काका येऊन उभे राहिले. त्यांचा सल्ला: "ती पिन तशीच ठेवून टेप मार ना. आमच्या जुन्या गाडीला दहा वर्षं तसंच होतं." खरं सांगायचं तर हात शिवशिवले. पण मग उद्या होज फुटली तर सांगणार कोण? काट्याचं वर लिहिलंच आहे. शिवाय कूलंट निघून गेलं की तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी वाफेत लटकतो आणि कमीच आकडा दाखवतो. कागदाची पिन काढून खिशात टाकली.

रविवार, २६ जानेवारी
सोसायटीतलं झेंडावंदन आटपून बाटली पूर्ण काढली. इंजिन रात्रभर थंड होतं, झाकण निवांत उघडलं. गरम असताना हे झाकण उघडायचं नाही, आत दाब असतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

आतलं कूलंट बादलीत ओतलं आणि गप्प बसलो. गुलाबी असायला हवं होतं. निघालं ते गढूळ तपकिरी, पावसाळ्यातल्या गोदावरीसारखं. बाटलीच्या बुडाला मऊ चिखलाचा थर, आणि टॉर्च मारल्यावर दोन्ही पिनांवर त्याच चिखलाची टोपी.

हा चिखल कुठून आला ते मला माहीत आहे. नोव्हेंबरमध्ये मुंबईहून येताना इगतपुरीच्या अलीकडे एका होजची क्लिप सैल झाली होती. रस्त्याकडेच्या दुकानात क्लिप बदलली आणि कमी झालेलं कूलंट भरलं, हिरवं. मी समोर उभा होतो, हातात चहा होता, आणि काही बोललो नाही. या गाडीत आधीचं जी १२ (फोक्सवॅगन-स्कोडाचा कूलंटचा प्रकार), गुलाबी, सेंद्रिय आम्लांवर चालणारं, त्यात सिलिकेट नाही. हिरव्या-निळ्या जुन्या प्रकारात सिलिकेट असतं. दोन्ही एकत्र आली की गंजरोधक रसायनं एकमेकांशी भांडतात आणि असा तपकिरी गाळ होतो. रंग हा काही कायदा नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मनाने रंग घालते. पण मी डबा उलटा करून वाचलासुद्धा नाही. दुकानदाराचा दोष धरवत नाही.

बाटली धुतली. कोमट पाणी, ढोकळ्यात घालतात ते लिंबूसत्व दोन चमचे आणि मूठभर तांदूळ. झाकण लावून दहा मिनिटं खुळखुळा वाजवावा तशी हलवली. तांदूळ आतल्या कप्प्यांत अडकतात, शेवटचे चार दाणे काढायला अर्धा तास गेला. पिना उजळल्या, पण पूर्ण नाही. एका पिनेच्या बुडाशी करडा डाग राहिलाच.

एक सावधगिरी. काढलेलं कूलंट गटारीत ओतलं नाही, कॅनमध्ये झाकण लावून ठेवलं. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी. पार्किंगमध्ये तीन कुत्री आणि एक मांजर राहतात.

शनिवार, १ फेब्रुवारी
आता सिस्टिममधला गाळ काढायचा. रेडिएटरची खालची होज सोडली. एकूण सहा लिटरच्या आसपास मावतं, त्यातलं चार लिटर निघालं. बाकी इंजिन ब्लॉक आणि हीटरमध्ये अडून राहतं. डिस्टिल्ड वॉटर भरलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून गाडी फिरवली, गार होऊ दिली, पुन्हा काढलं. दुसऱ्यांदा निघालं ते फिक्या चहासारखं.

दिवा नाही. पिना साफ केल्याचा गुण आला असं समजून खूश.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
तिसऱ्यांदा पाणी बदललं. आता जवळजवळ स्वच्छ. दोन-तीन दिवस असंच चालवायचं, मग कूलंट.

बुधवार, ५ फेब्रुवारी
दिवा पुन्हा. या वेळी विझेना. ऑफिसला जाताना द्वारकेच्या सिग्नलला टूं-टूं, परत येताना टूं-टूं.

पातळी जागेवर. कप्लरमध्ये कागदाची पिन घातली, दिवा गेला. म्हणजे बाटलीच खराब. तो करडा डाग डोळ्यांसमोर आला. संध्याकाळी नवीन बाटली मागवली. हिला किंमत सांगितली नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी
नवी बाटली बसवली. पिना आरशासारख्या. जुन्या बाटलीतलं तेच पाणी गाळून घातलं, राहिलं ते नव्या डिस्टिल्ड वॉटरने पुरं केलं.

चावी फिरवली. टूं-टूं-टूं.

बॉनेटला टेकून पाचेक मिनिटं नुसता उभा होतो.

रविवार, ९ फेब्रुवारी
सकाळी चहा पिताना जुनी नोंद वाचली, १९ जानेवारीची. "पाणीसुद्धा या सर्किटचा भाग आहे." कप खाली ठेवला.

प्रयोगाला स्टीलचं पातेलं मागितलं, मिळालं नाही. ("त्यात ते कूलंट घालणार? मग मी त्यात दूध तापवायचं?") श्रीखंडाचा रिकामा डबा मिळाला. स्टीलच्या दोन स्क्रूंना वायर बांधून ते डब्याच्या झाकणातून खाली सोडले, बाटलीतल्या पिनांइतक्याच अंतरावर, आणि मल्टिमीटर ओहमवर लावला (आकडा जितका मोठा तितकी वीज कमी जाते).

नळाचं पाणी, म्हणजे गंगापूर धरणाचं: १८ किलोओहमपासून सुरुवात. सोसायटीच्या बोअरचं: ७. कॅनमधलं जुनं तपकिरी कूलंट: ४ च्या आसपास. गाडीतलं सध्याचं पाणी: ६० च्या वर. बाटलीतून ताजं ओतलेलं डिस्टिल्ड वॉटर: ४०० आणि वर चढतच चाललेलं.

चढतं का, हे बघायला तिथेच बसून राहिलो. नळाच्या पाण्यातसुद्धा १८ वरून मिनिटभरात ३० च्या पुढे जातं. मल्टिमीटर एकाच दिशेचा करंट देतो, त्यामुळे पिनांवर आयनांची गर्दी साचते, बारीक बुडबुडे धरतात आणि वाट अडते. प्रोब उलटे लावले की आकडा धपकन खाली येतो आणि पुन्हा चढायला लागतो. तेव्हा हे आकडे अचूक म्हणून घेऊ नयेत, एकाच्या तुलनेत दुसरा किती एवढंच बघावं.

पण तेवढं पुरेसं आहे. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही. जाते ती त्यात विरघळलेल्या क्षारांतून, आणि कूलंटमध्ये ती मुद्दाम घातलेली गंजरोधकं असतात. मी दर वेळी सहापैकी चार लिटर काढलं, म्हणजे एक तृतीयांश उरलं. तीन वेळा केलं की उरतो सत्ताविसावा भाग, चार टक्क्यांहून कमी. काल वरून ताजं पाणी घातलं ते वेगळंच. मी स्वतःच्या हाताने धुऊन धुऊन मीटरला दिसणारं पाणी गाडीतून घालवलं होतं. मीटर बिचारा बरोबरच सांगत होता.

खातरजमा म्हणून बाटलीत चमचाभर जुनं कूलंट घालून ढवळलं आणि चावी फिरवली. दिवा विझला.

जुनी बाटलीही बहुधा निर्दोष. हिला किंमत सांगितली. उत्तर इथे लिहीत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी
कूलंट भरलं. जांभळट रंगाचं, जी १२ प्लस, डब्यावर टीएल ७७४ एफ (फोक्सवॅगनचं मानक) लिहिलंय की नाही ते या वेळी चष्मा लावून वाचलं.

इथे एक हिशेब बहुतेक लोक चुकतात, म्हणून लिहून ठेवतो. आत दोन लिटर पाणी अडकलेलं आहे आणि जागा चार लिटरची. पेट्रोल पंपावर मिळणारं तयार मिश्रण, अर्धं कूलंट अर्धं पाणी, चार लिटर ओतलं तर सहा लिटरमध्ये कूलंट दोनच लिटर, म्हणजे ३३ टक्के. म्हणून घट्ट, पाणी न मिसळलेलं कूलंट घेतलं. आधी ते तीन लिटर, वरून एक लिटर डिस्टिल्ड. झालं ५० टक्के. या प्रमाणात ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. नाशिकला त्याचा उपयोग शून्य, पण उकळबिंदू वर जातो आणि गंज धरत नाही, आपल्याला तेवढं हवं.

हवा काढायला झाकण उघडं ठेवून गाडी सुरू केली, हीटर गरमवर, वरची होज हाताने दाबत राहिलो. बुडबुडे आले, पातळी बसली, पाव लिटर आणखी घातलं. ८७ च्या आसपास थर्मोस्टॅट उघडला आणि खालची होज गरम झाली.

दिवा नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी
शिवजयंतीची सुट्टी. सिन्नरला गेलो. शिंदे गावाच्या पुढे एका खड्ड्यात चाक आपटलं आणि टूं-टूं-टूं. पुढे रस्ता गुळगुळीत, दिवा नाही. गावातल्या स्पीडब्रेकरवर पुन्हा.

चिडायचं सोडून हसू आलं. आता तरी निदान नवीन काहीतरी सांगतोय. थंडीत लागणारा दिवा वेगळा, धक्क्याने लागणारा वेगळा. धक्क्याने पाणी बदलत नाही. वायर हलते.

शनिवार, २२ फेब्रुवारी
चाचांकडे गेलो. चाचा गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतात, वय सत्तरच्या पुढे, जुन्या नाशकात एक शटर, आत गाडी मावत नाही म्हणून काम रस्त्यावरच. मी सगळी कहाणी सांगितली. श्रीखंडाच्या डब्यापर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"बेटा, कप्लर दाखव."

कप्लर हातात घेतला. तारा बघितल्या नाहीत, बोटांनी चाचपल्या, जपमाळ ओढावी तशा, कप्लरपासून मागे मागे. चार-पाच सेंटिमीटरवर अंगठा थांबला. "इथे मऊ आहे." मी हात लावून बघितला. मला काहीही कळलं नाही.

मल्टिमीटर बझरवर लावला. एक प्रोब कप्लरच्या पिनेत, दुसरा बॉडीला. तपकिरी वायर, म्हणजे जर्मन गाड्यांत अर्थिंगची. बझर वाजत होता. चाचांनी तीच जागा हलकेच वाकवली, बझर बंद. सोडली, चालू. बंद, चालू. पलीकडचा पानवाला वळून बघायला लागला.

वरचं आवरण सोललं. एकोणीस वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहून ते पापडासारखं कडक झालेलं, जागोजागी तडे. आत तांब्याच्या तारा काळ्या, थोड्या हिरव्या, आणि बऱ्याचशा तुटलेल्या. तीन-चार धागे एकमेकांना टेकून होते तेवढेच. मी कागदाची पिन घालून तपासलं तेव्हा गाडी उभी होती, वायर हलत नव्हती, म्हणून दोन्ही वेळा पास झाली. आणि नवी बाटली बसवताना कप्लर ओढला, वाकवला, तेव्हा उरलेसुरले धागेही मीच तोडले असणार.

मी म्हटलं, "चाचा, इथेच जोडून टाकू."

"तांबं लाल दिसेपर्यंत काप. काळ्यावर कथील धरत नाही." मागे सरकत सरकत जवळजवळ वीतभर वायर कापली, तेव्हा कुठे लाल तांबं लागलं. दोन्ही वायरींना नवा तुकडा जोडला, सोल्डर केलं, त्यावर श्रिंक स्लीव्ह, लायटरने आवळली. सोल्डरची जागा कडक होते आणि कंपनाने तिच्या कडेलाच पुन्हा तुटते, म्हणून जोड वायरिंगच्या मुख्य जुडग्याला टेपने बांधला आणि कप्लरपर्यंतची वायर जरा सैल ठेवली.

मजुरी दीडशे. बाटलीचे किती गेले ते चाचांनी विचारलं. सांगितलं. त्यांनी चहा मागवला.

बुधवार, २६ फेब्रुवारी
महाशिवरात्र. त्र्यंबकेश्वरला गर्दी, त्या बाजूला गेलोच नाही. मुद्दाम खराब रस्त्याने गिरणारे, घोटी, वैतरणा असं १३० किलोमीटर. दिवा एकदाही नाही.

रविवार, २ मार्च
शेवटचं काम. दिवा लागत नाही हे दोन कारणांनी असू शकतं: सगळं ठीक आहे, किंवा आता कुठेतरी शॉर्ट आहे आणि तो कधीच लागणार नाही. तेव्हा तो लावून बघायचा.

रंगपंचमीसाठी भाचीची पिचकारी धुऊन ठेवलेली होती, ती उसनी घेतली (नवी आणून देण्याच्या बोलीवर). इंजिन गार. बाटलीतून पिचकारीने कूलंट ओढायचं, मापाच्या भांड्यात सोडायचं, बाटलीला हलकी टिचकी मारायची, चावी बंद करून पुन्हा फिरवायची.

२०० मिली काढलं: दिवा नाही. ४००: नाही. किमान खुणेवर आलो. ५००: नाही. ६०० ला पातळी किमान खुणेच्या खाली, बाहेरून नीट दिसेनाशी झाली.

६५० मिली. चावी फिरवली.

टूं-टूं-टूं.

वरून बाल्कनीतून हिने विचारलं, "पुन्हा लागला का?" मी अंगठा वर केला.

काढलेलं सगळं परत ओतलं, चावी फिरवली, दिवा विझला. बॉनेटच्या आत टेप लावून त्यावर लिहिलं: जी १२ प्लस, ५० टक्के, १५-२-२५, हिरवं घालू नये, दिवा ६५० मिलीला. ओडोमीटर २,१५,४१०. जुनी बाटली धुऊन, फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवली आहे.